चार पेट्या आणि एक भोंगा

इराची खेळणी मी मोजली तेव्हा ती एकशे त्रेचाळीस भरली. त्यात तीन गाई होत्या, गाडी नसलेली सात चाकं होती, चाकं नसलेल्या दोन गाड्या होत्या आणि डोकं नसलेले एक गृहस्थ होते. इरा म्हणजे माझी नात. ती अडीच वर्षांची आहे. आठवड्याला एक खेळणं धरलं तरी गणित जमत नाही. एवढा माल आमच्या घरात कुठल्या वाटेनं आला ते मला अजून कळलेलं नाही.

"आता माझी पातेली पण मोजून घ्या," वेणू म्हणाली. वेणू माझी बायको. ती असं बोलते तेव्हा उत्तर द्यायचं नसतं, हे मला लग्नानंतर चारेक वर्षांनी समजलं. पण मी तरी काय करणार? एकतीस वर्षं मी जासईच्या एका कंटेनर यार्डात टॅली क्लार्क होतो. कंटेनर उघडायचा, आतला नग न् नग मोजायचा, शीटवर चढवायचा, पुन्हा बंद करून सील मारायचं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी भाजीवाल्यानं तराजूत वांगी टाकली की माझी बोटं आपोआप हलतात.

मोजण्याचं कारण मात्र वेगळं होतं. ते आधीच सांगतो, म्हणजे पुढे कोणी मला वेडा म्हणणार नाही. म्हटलंच तर निदान कारणासकट म्हणेल.

एका गुरुवारी संध्याकाळी पॅसेजमध्ये माझा पाय एका जिराफावर पडला. जिराफ प्लास्टिकचा होता, माझा पाय तसा नव्हता. मी भिंत धरून एका पायावर उभा होतो, ती भिंत नेमकी मुलाच्या खोलीची निघाली. आत आमची सून मनस्वी आमच्या निकेशला सांगत होती, "या दोन खोल्यांत आता पाय ठेवायला जागा नाही रे. माझे बाबा म्हणतात तळेगावला बघा. आमच्या शेजारीच आहे, तीन खोल्या, खाली बाग." निकेश म्हणाला, "पण तिथे दिवसभर इराला कोण बघणार? इथे आईबाबा आहेत." त्यावर ती म्हणाली, "तेच तर. एक मिनिट एकटी बसत नाही. तेवढंच अडलंय."

मी सगळं ऐकलं होतं. पण त्यातलं 'जागा नाही' एवढंच डोक्यात घेऊन मी लंगडत हॉलमध्ये आलो. इरा या घरातून गेली तर सकाळी सात वाजता उठून मी काय करणार, हे मला माहीत नव्हतं. म्हणून ठरवलं, जागा करायची. कामोठ्याच्या याच घरात, याच चार भिंतींत, अशी जागा करायची की तळेगावचं नाव कोणी काढणार नाही.

उपायही घरातच होता. मनस्वीनं आमच्या फॅमिली ग्रुपवर एका बाईंचा व्हिडिओ टाकला होता. मुलांसमोर सगळी खेळणी एकदम ठेवू नका, असं त्या बाई म्हणत होत्या. मूल गोंधळतं, चिडतं, फेकाफेक करतं. थोडीच बाहेर ठेवा, बाकीची नजरेआड करा आणि काही दिवसांनी अदलाबदल करा. जुनं खेळणं मुलाला पुन्हा नव्यासारखं वाटतं आणि मूल शांतपणे खेळायला लागतं. बाई फार हसत होत्या, पण त्यांचं म्हणणं मला पटलं. यार्ड यापेक्षा वेगळं काय करतं?

शांतपणाची सुरुवात मी स्वतःपासून केली. माझा आणि इराचा एक जुना खेळ होता. ती माझ्या पोटावर बोट दाबायची आणि मी बंदरातल्या बोटीसारखा भोंगा द्यायचो. भों! एकदा दिला की ती पन्नास वेळा दाबायची. खालच्या मजल्यावरून दोनदा तक्रार आली होती. "घरातलं सगळ्यात जास्त आवाज करणारं खेळणं तुम्हीच आहात, तुम्हालाच आधी पेटीत घाला," असं वेणू म्हणाली, आणि मी ते मनावर घेतलं. इरानं पोट दाबलं की मी तोंडावर बोट ठेवायला लागलो. तिनं आठवडाभर दाबून बघितलं, मग सोडून दिलं.

आता पेट्या. "बाजारात प्लास्टिकचे डबे मिळतात हो बाबा," असं निकेश म्हणत होता. पण एकतीस वर्षांच्या अनुभवाला प्लास्टिकचे डबे शोभले नसते. यार्डातल्या एका जुन्या सोबत्यानं मला प्लायवूडच्या चार पेट्या दिल्या. परदेशातून मशिनचे भाग घेऊन आलेल्या. कडी-कोयंड्याच्या, चारी बाजूंनी वर बाण दाखवलेल्या. सोबत बाद झालेल्या, नंबर घातलेल्या प्लास्टिकच्या सिलांचं एक बंडलही दिलं.

टेम्पो सोसायटीच्या गेटवर आला आणि आमचे सेक्रेटरी उदयसिंह परदेशी लिफ्टसमोर येऊन उभे राहिले.

"काशिरामभाऊ, लिफ्ट माणसांसाठी आहे. मालासाठी आधी अर्ज लागतो."

"उदयसिंहसाहेब, हा माल नाही. नातीची खेळणी ठेवायचीयत."

"आत्ता रिकाम्या आहेत ना? म्हणजे माल झाला."

हा युक्तिवाद मला कस्टमच्या माणसांच्या तोंडून ऐकायची सवय होती, पण स्वतःच्या लिफ्टपुढे तो ऐकताना अपमान झाला. मी अर्ज केला. विषय: 'खेळणी आलटून-पालटून ठेवणेकामी पेट्या वर नेण्याची परवानगी मिळणेबाबत'. दोन प्रती. कमिटीची सभा पुढच्या रविवारी होती, म्हणून शेवटी निकेशनं आणि मी चारही पेट्या चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यानं चढवल्या. परवानगी नंतर आली. ती मी फाइलला लावून ठेवली आहे.

वर आल्यावर कळलं की पेटी पलंगाखाली जात नाही. दोन बोटांनी उंच. आयुष्यभर लोकांचा माल मोजणाऱ्या माणसानं स्वतःचा पलंग मोजला नव्हता. चार पेट्या हॉलमध्ये राहिल्या आणि पूर्वी खेळण्यांमधून निदान पाऊल टाकता यायचं, तेही बंद झालं. मनस्वी ऑफिसमधून आली, दारातच थांबली आणि चपला हातात घेऊन पेट्यांवरून आत आली. 

मग मी दोन पेट्या जिन्याच्या वळणावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: 'काही सभासदांनी सामाईक जागेत कंटेनर ठेवल्याचे निदर्शनास आले आहे.' काही सभासद म्हणजे मी एकटा, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. पाहणीला उदयसिंह आणि कमिटीचे दोघे आले. मी त्यांना समजावत होतो की आत फक्त मुलांची निरुपद्रवी खेळणी आहेत. तेवढ्यात दोन नंबरच्या पेटीतून पोलिसांचा सायरन सुरू झाला. आतल्या जीपचं बटण दुसऱ्या कशाखाली तरी दाबलं गेलं होतं. कमिटीचे दोघे अर्धा जिना खाली पोचले. वॉचमन वर आला. चार मजल्यांची दारं उघडली आणि सगळ्यांसमोर मला सील तोडून, आत डोकं घालून, एकेक वस्तू बाहेर काढत जीप शोधावी लागली. तोवर सायरन वाजतच होता. शेवटी जीप हाती लागली, पण बटण बंद होईना. उदयसिंहांनीच पुढे होऊन सेल काढले.

"निरुपद्रवी," असं म्हणून त्यांनी ते सेल माझ्या हातावर ठेवले.

त्यानंतर व्यवस्था अशी ठरली. वेणूनं माळ्यावरचे लग्नातले हंडे बहिणींना वाटून टाकले. वाटताना तिचं तोंड कसं झालं होतं हे मी लिहीत नाही. त्या जागी दोन पेट्या बसल्या. एक उघडी, खिडकीपाशी. चौथी जासईला माझ्या थोरल्या बहिणीकडे. तिचं नाव ठमाबाई, आम्ही तिला बाय म्हणतो. दर रविवारी एक पेटी जासईला जायची आणि तिथली इथे यायची. रिक्षात मांडीवर पेटी घेऊन मी ट्रेलरच्या रांगेत तासतासभर अडकायचो. एके काळी ती रांग माझ्या सहीसाठी थांबायची.

बायला ही पद्धत अजिबात मान्य नव्हती. पहिल्याच रविवारी तिनं कमरेवर हात ठेवले.

"काशा, पोरीची खेलनी कोंडून ठेवतस? आमी काय खेललो, इसरलास? खाडीतले शिंपले नि पेंढ्याची बावली. त्याला कंदी सील नाय लागला."

"बाय, याला शास्त्र आहे."

"शास्त्र हाय त मंग पोर रडते कनाला?"

पोर रडत होती, हे खरं. इरा सोबत आली होती आणि बंद पेटीवर डोकं ठेवून तिनं सूर लावला होता. मी हातपाय धुवायला मागच्या दारी गेलो. परत येऊन बघतो तर बायनं मासे कापायची विळी आणून पेटीचं सील कापलं होतं आणि दोघी मिळून आतला माल ओटीवर मांडत होत्या. मी रजिस्टर काढून 'सील तुटलेल्या अवस्थेत आढळले' अशी नोंद केली. बायनं मला चहा दिला नाही.

रजिस्टरचं सांगायचं राहिलं. नग क्रमांक, वर्णन, स्थिती, पेटीत ठेवल्याची तारीख आणि शेवटचा रकाना 'पुन्हा काढायची तारीख'. हा शेवटचा रकाना मी कधी रिकामा ठेवत नाही. यार्डात ज्या मालाला पुढची तारीख नसते, तो काही दिवसांनी बेवारस ठरतो आणि कोपऱ्यात जातो. असा माल मी फार पाहिला आहे.

रडण्यावर उपाय शेवटी वेणूनं काढला, फुकटात. इरा पिवळ्या माकडाचा पाय सोडेना, तेव्हा वेणू तिच्याजवळ बसली. "दमलंय गं ते. आठ दिवस खेळलंय तुझ्याशी. त्याला झोपव, आराम कर म्हणावं. मग येईल परत." इरानं थोडा विचार केला. मग माकडाला पेटीत ठेवलं, थोपटलं आणि म्हणाली, "आता आलाम कल. मग ये." आणि झाकण स्वतःच्या हातानं लोटलं.

तेव्हापासून हा दर रविवारचा शिरस्ता झाला. एकेका खेळण्याला थोपटायचं, आराम कर म्हणायचं, झाकण तिनं लोटायचं, सील मी मारायचं. आलेल्या पेटीचाही एक शिरस्ता होता. खेळणं हातात घ्यायचं, उलटंसुलटं करून बघायचं, हुंगायचं, पोट दाबायचं. आवाज आला की मी रजिस्टरवर खूण करून म्हणायचो, "चालतंय!" मग तीही म्हणायची, "चालतंय!"

आणि खरोखरच चाललं. सहाव्या-सातव्या आठवड्यात इरा तीन गाई आणि एक वाटी घेऊन खिडकीपाशी तास-तासभर बसायला लागली. गाईंना पाणी पाजायची, त्यांच्याशी हळू आवाजात बोलायची. फेकाफेक थांबली. फरशी दिसायला लागली. तिचा रंग मी विसरलो होतो, तो बदामी निघाला. मनस्वी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची, ती लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "बाबा, कमाल केलीत तुम्ही." इतकी वर्षं यार्डात काढून एकदाही कुणी मला असं म्हणालं नव्हतं. मी त्या दिवशी संध्याकाळी पेढे आणले.

पेढे संपायच्या आत, पुढच्याच रविवारी, निकेश माझ्याजवळ येऊन बसला. तो अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागला की मला कळतं, वाईट बातमी आहे.

"बाबा, तळेगावचं घर घ्यायचं ठरतंय."

"का? आता तर जागा झाली की."

"जागा तुम्ही केलीतच बाबा. पण जागेवर कधी अडलंच नव्हतं. इराला कोण बघणार, हे अडलं होतं. आता एकटी छान खेळते. मनस्वीला पूर्ण वेळ घरून काम मिळतंय. तिची आई शेजारी आहेच तासाभराला." त्यानं पेरं मोजणं थांबवलं. "तुमच्यामुळेच जमलं हो हे."

तो आभार मानत होता. मनापासून मानत होता. त्या गुरुवारी भिंतीला धरून मी सगळं ऐकलं होतं आणि त्यातलं चुकीचंच वाक्य घेऊन आलो होतो. मी फक्त विचारलं, "केव्हा?"

सामान न्यायला दोन माणसं आली. बाकीचं सामान बांधायला त्यांना दुपार झाली. खेळणी बाहेर काढायला बारा मिनिटं लागली. पेट्या भरलेल्या, नंबर घातलेल्या, वर बाण, झाकणावर यादी. दोघांतला वयानं मोठा माणूस यादी वाचून माझ्याकडे बघत राहिला.

"काका, तुम्ही याच लाइनमधले काय?"

"हो."

"वाटलंच. आमचं काम वाचवलंत तुम्ही."

गाडीत पेटी चढताना मी प्रत्येकीवर खूण केली. एक, दोन, चार. हात आपोआप चालत होता. इरा मनस्वीच्या कडेवरून सगळ्यांना टाटा करत होती, टेम्पोला सुद्धा. कळंबोलीच्या बाजूला गाडी वळली आणि मी वर आलो. जिना चढताना दोनदा बसलो.

तीन नंबरची पेटी त्या आठवड्यात जासईला होती, म्हणून राहिली. तिसऱ्या दिवशी बाय स्वतः ती रिक्षात घालून घेऊन आली. सील शाबूत होतं. ती वाद घालेल म्हणून मी तयारीत होतो, पण तिनं घरभर नजर फिरवली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

"यार्डात माल कंदी रायलाय काय रं काशा?" ती म्हणाली. "येतो नि जातो. तुला आमी काय सांगू?" मग डोळ्यांना पदर लावून तिनंच चहा टाकला.

उदयसिंह पण येऊन गेले. दारात उभे राहून म्हणाले, "काशिरामभाऊ, ती एक पेटी जिन्यात ठेवायची असेल तर ठेवा. कमिटीशी मी बोलतो." मी म्हटलं, "नको साहेब. आता घरात जागा आहे." त्यांनी मान हलवली आणि गेले. लिफ्ट असून जिन्यानं गेले.

पंचवीस दिवसांनी ती तिघं आली. पंचवीस, मी मोजले. मला एकच धास्ती होती. व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या होत्या की बऱ्याच दिवसांनी पाहिलेलं खेळणं मुलाला नवं वाटतं. मीही इराला नवाच वाटलो तर?

इरा दारातून आत आली आणि मला बघून थबकली. मनस्वीच्या ओढणीमागे गेली. "अगं, आजोबा ना?" मनस्वी म्हणाली. इरा बघत राहिली. मी हात पुढे केला नाही, खुर्चीतच बसून राहिलो. मग ती हळूहळू जवळ आली. माझा हात उलटासुलटा करून बघितला. सदरा हुंगला. आणि इतक्या महिन्यांत विसरली असेल असं मी समजत होतो ती गोष्ट तिनं केली. एक बोट पुढे काढून माझं पोट दाबलं.

या वेळी मी तोंडावर बोट ठेवलं नाही. भोंगा दिला. इतक्या महिन्यांत सवय मोडली होती, बोट मधेच बुडाल्यासारखी वाटली. पण भोंगा झाला.

"चालतंय!" इरा ओरडली.

दोन दिवस तिनं पोट दाबलं आणि दोन दिवस मी भोंगा दिला. खालून तक्रार आली, तेव्हा वेणूच खाली गेली आणि काय बोलली कोण जाणे, पुन्हा कोणी आलं नाही. तीन नंबरची पेटी उघडली, माकड बाहेर आलं, खडू बाहेर आले. रविवारी संध्याकाळी सगळ्यांना थोपटून परत ठेवलं. झाकण तिनं लोटलं. सील मी मारलं.

"आता केव्हा?" मी निकेशला विचारलं.

"बघू बाबा. जमेल तसं."

खाली गाडी थांबली होती. इरा चपला घालून दारापर्यंत गेली आणि काहीतरी राहिल्यासारखी परत आली. मी खुर्चीत बसलो होतो. तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं, दोनदा, तिसऱ्यांदा.

"आजोबा, आता आलाम कल. मग ये."

आणि बाहेर जाऊन दोन्ही हातांनी दार ओढून घेतलं. नीट बसलं नाही म्हणून पुन्हा एकदा ओढलं.

थोड्या वेळानं मी रजिस्टर काढलं. एकशे त्रेचाळीसच्या खाली लिहिलं: नग एकशे चव्वेचाळीस. भोंगा. चालू स्थितीत. आजची तारीख घातली आणि शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. वेणू मागे उभी होती, हे मला कळलं नव्हतं.

"पेननं नको," ती म्हणाली. "पुसता येईल असं काहीतरी घ्या. पण लिहा."

मी पेन्सिल शोधली. ड्रॉवर बघितला, फ्रिजवर बघितलं, खिडकीत बघितलं. घरात एकही नव्हती. पेन्सिली, खडू, सगळं तीन नंबरच्या पेटीत होतं. पेटीला सील होतं, आणि वेळेआधी सील तोडायचं नाही हा नियम माझाच.

तसं मी वेणूला सांगितलं. ती आत गेली आणि कात्री घेऊन आली.